आठ कुठे गेला?

सोसायटीच्या खजिनदारपदाची माळ माझ्या गळ्यात पडली त्याला आता दीड वर्ष होईल. बँकेतून निवृत्त झालेली बाई आयती सापडल्यावर कोथरूडमधली कुठली सोसायटी तिला मोकळी सोडेल? तर गेल्या मार्चात रंगकामाची जास्तीची वर्गणी सभासदांना परत करायची होती. मी सगळ्यांचे खाते क्रमांक मोबाइलवर मागवले, रात्री बसून स्प्रेडशीटमध्ये भरले, यादी पाठवली आणि निवांत झाले. चौथ्या दिवशी तिघांचे पैसे परत आले. खाते क्रमांक चुकीचा. त्यातल्या एका काकांनी मला जिन्यात गाठून, ‘तुम्ही बँकेतच होतात ना?’ असं इतक्या साळसूदपणे विचारलं, की उत्तर द्यायचंही राहून गेलं.

तिघांचेही क्रमांक सोळा आकडी होते आणि तिन्हींच्या शेवटी शून्य येऊन बसलं होतं. टाकताना मी काही चुकले नव्हते. संख्या म्हणून काही टाकलं, की स्प्रेडशीट पहिल्या पंधरा आकड्यांपुरतंच इमान राखते. सोळाव्या आकड्यापासून पुढे ती बेधडक शून्यं लावते आणि वर अवाक्षर काढत नाही.

खात्री करायला मी एका रिकाम्या घरात, मला पाठ असलेली एकुलती एक सतरा आकडी संख्या टाकली:

१२३४५६७८९८७६५४३२१

एंटर दाबल्यावर आधी ‘१.२३४५७’ आणि त्याला चिकटलेला ‘ई’ दिसला. रकाना रुंद केला, मांडणी बदलली, तर समोर आलं १२३४५६७८९८७६५४३००. एकापासून चढत नऊपर्यंत जाऊन पुन्हा पायरी पायरीने एकावर उतरणारी माझी टेकडी शेवटच्या दोन पायऱ्यांवर कोणीतरी खोदून नेली होती. पुण्यात टेकड्यांचं हेच होतं म्हणा.

पण तो ‘ई’ पाहून मला हसू आलं. आमची जुनी ओळख आहे.

१९८३ साली आत्याचा मुलगा दुबईहून आला तेव्हा त्याने नानांसाठी कॅल्क्युलेटर आणला होता. नाना म्हणजे माझे वडील. एका सरकारी कचेरीत हिशेबनीस होते. निमकी-पावकीपासून औटकीपर्यंत सगळे पाढे त्यांना तोंडपाठ, त्यामुळे त्या यंत्राचा त्यांना काडीचा उपयोग नव्हता. ते माझ्याकडे आलं. नारायण पेठेतल्या वाड्यात आमच्या वरच्या दोन खोल्या होत्या, तिथल्या खिडकीत बसून मी दिवसभर बटणं दाबायचे. अकरा गुणिले अकरा, १२१. एकशे अकरा गुणिले तेवढेच, १२३२१. अकराशे अकरा, १२३४३२१. मला वाटलं, जगात हे फक्त मलाच कळलंय. मग पाच एक घेतले आणि पडद्यावर १.२३४५४३२ असलं काहीतरी येऊन कोपऱ्यात ‘ई’ उमटला.

‘नाना, बिघडला.’

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून पाहिलं. ‘बिघडला नाही गं, दमला. आठच खोल्या आहेत त्याला. नववा पाहुणा आला तर निजवायचा कुठे?’

वाड्यात वाढलेल्या मुलीला हे न समजण्यासारखं नव्हतं.

नाना कचेरीतले पाठकोरे कागद घरी आणायचे, दाभणाने भोकं पाडून दोऱ्याने शिवायचे आणि त्यांची वही करायचे. तसली एक वही माझ्यापुढे सरकवून म्हणाले, ‘हाताने कर. नऊ एक, गुणिले नऊ एक. एकचा पाढा येतो ना? मग काय अवघड आहे?’

अवघड काहीच नव्हतं, जागा मात्र पुष्कळ लागली. पहिली ओळ नऊ एकांची. दुसरीही तीच, फक्त एक घर डावीकडे सरकवून, उजवीकडे एक फुली. तिसरी आणखी एक घर सरकवून, दोन फुल्या. अशा नऊ ओळी लिहिल्यावर कागदावर तिरका जिना तयार झाला. मग रेघ ओढून बेरीज. उजवीकडच्या पहिल्या रकान्यात एकच एक, म्हणून १. दुसऱ्यात दोन एक, २. तिसऱ्यात ३. असं करत मधल्या रकान्यात नऊच्या नऊ ओळी एकाखाली एक येतात, तिथे ९. त्यानंतर उजवीकडच्या ओळी एकेक करून संपत जातात, म्हणून ८, ७, ६ आणि सगळ्यात डावीकडे पुन्हा एकटा एक. सतरा रकाने, सतरा आकडे.

मी वही नाचवत त्यांच्याकडे गेले. त्यांनी एकच विचारलं, ‘बेरजेत कुठे हातचा आला?’

‘नाही.’

‘म्हणून.’

एवढं बोलून ते ‘सकाळ’ वाचायला लागले. नाना नेहमीच हातचं राखून शिकवायचे.

त्या ‘म्हणून’मध्ये काय काय आहे हे मला तुकड्यातुकड्यांनी कळलं. एकही रकाना नऊच्या वर जात नाही, म्हणून कोणाचं ओझं शेजाऱ्यावर पडत नाही आणि प्रत्येक रकान्यात किती एक उभे आहेत ते उत्तरात जसंच्या तसं वाचता येतं. म्हणजे या संख्येचे सगळे आकडे मिळवले तर किती येतील, हे बेरीज न करताच सांगता येतं. नऊ ओळी, प्रत्येकीत नऊ एक: एक्क्याऐंशी. आणि या एक्क्याऐंशीने ती संख्या नेमकी भागलीही जाते. नऊ एकांच्या आकड्यांची बेरीज नऊ, म्हणून १११११११११ ला नऊने भाग जातो. तर मग तिच्या वर्गाला नऊच्या वर्गाने भाग जाणारच.

आपल्या आकड्यांच्या बेरजेने भागल्या जाणाऱ्या अशा संख्यांना हर्षद संख्या म्हणतात. हे नाव देवळालीच्या एका शाळामास्तरांनी ठेवलं, दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांनी. जन्म १९०५, डहाणूचा. १९३० ते १९६२ देवळालीला शिकवलं. ६१७४ या संख्येसाठी आता त्यांना जगभर ओळखतात, पण माझ्या सतरा आकडी टेकडीचं कूळही त्यांनीच नोंदवलंय. या जातीच्या संख्यांना ते डेमलो संख्या म्हणत. ही कल्पना त्यांना जी.आय.पी., म्हणजे आजच्या मध्य रेल्वेवरच्या डेमलो स्टेशनात सुचली, म्हणून. डेमलो म्हणजे आजचं डोंबिवली. मला हे फार आवडतं. दुसरा कोणी असता तर ग्रीक अक्षर शोधत बसला असता. यांनी लोकलचं स्टेशन दिलं.

कापरेकर फर्ग्युसनचे विद्यार्थी. १९२७ मध्ये त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचं गणिताचं पारितोषिक मिळालं. परांजपे १८९९ मध्ये केंब्रिजला सीनियर रँग्लर, म्हणजे गणिताच्या परीक्षेत सर्वांत वरचे, झालेले पहिले भारतीय, पुढे फर्ग्युसनचे प्राचार्य. रविवारी सकाळी नाना मला लकडी पुलावरून डेक्कनला आणि तिथून फर्ग्युसनच्या मागच्या वाटेने हनुमान टेकडीवर न्यायचे तेव्हा ही सगळी नावं वाटेत यायची. कॉलेजच्या दगडी इमारतीकडे हात करून म्हणायचे, ‘इथे शिकले कापरेकर.’ देवळाकडे बोट दाखवावं तसं. प्रत्यक्षात त्यांनी कापरेकरांना कधी पाहिलंही नव्हतं.

चढताना आमचा एक खेळ चालायचा. भास्कराचार्यांनी ११५० च्या ‘लीलावती’त स्थानांची अठरा नावं दिली आहेत, एकपासून परार्धापर्यंत. नाना ती वरून खाली म्हणत आणि मी माझ्या संख्येतला एकेक आकडा त्यांच्यापुढे ठेवायचा. एक मध्य, दोन अंत्य, तीन जलधी, चार शंकू, पाच महापद्म, सहा निखर्व, सात खर्व, आठ अब्ज, नऊ अर्बुद. इथे थांबून श्वास घ्यायचा. मग आठ कोटी, सात प्रयुत, सहा लक्ष, पाच अयुत, चार सहस्र, तीनशे एकवीस. परार्धाला अठरा आकडे लागतात, आमचे सतरा. ‘थोडक्यात हुकलं,’ असं नाना दर रविवारी म्हणायचे, जणू मागच्या आठवड्यात वेगळं काही झालं होतं.

वर पोहोचल्यावर दगडावर बसून शेंगदाणे. तिथे एकदा त्यांनी काडीने मातीत संख्या लिहिली आणि माथ्याच्या जरा अलीकडे रेघ मारून तिचे दोन तुकडे केले. चढ वेगळा, माथ्यासकट उतार वेगळा. १२३४५६७८ आणि ९८७६५४३२१. ‘मिळव.’ मी मिळवले. नऊच्या नऊ ठिकाणी नऊ. ९९९९९९९९९. संख्येचा वर्ग करायचा, तो मधून तोडायचा आणि तुकडे मिळवायचे, हे कापरेकरांचं आवडतं काम. पंचेचाळीसचा वर्ग २०२५, वीस अधिक पंचवीस पुन्हा पंचेचाळीस, म्हणून पंचेचाळीस ही कापरेकर संख्या. आमची तोडून मिळवली तर मूळच्या नऊ एकांऐवजी त्यांची नऊपट येते. नाना म्हणाले, ‘पगार मागितला आणि बोनससकट आला.’

यातलं सगळं हल्ली मोबाइलवर फिरत असतं. पहाटे पाच वाजता कमळाचं चित्र, खाली एकांचा पिरॅमिड, त्याखाली ‘प्राचीन ऋषींचा चमत्कार, अकरा जणांना पाठवा’. मला त्याची चीड येते. चमत्कार म्हटलं की हात जोडायचे आणि पुढे जायचं. फुल्या मारून नऊ ओळी लिहायला पाच मिनिटं लागतात. ती पाच मिनिटं कोणाला द्यायची नसतात. आणि पिरॅमिड नेहमी नऊ एकांवरच थांबवलेला असतो, हे कोणाच्या लक्षातही येत नाही. दहावी ओळ कोणी छापत नाही, कारण तिथे टेकडी कोसळते.

मला ती दहावी ओळ नानांनीच करायला लावली. दहा एक गुणिले दहा एक. मी निर्धास्त होते. उत्तर आलं १२३४५६७९००९८७६५४३२१. उतार ठीक होता. चढावर सातनंतर एकदम नऊ आणि माथ्यावर दोन शून्यं. मी दोनदा करून पाहिलं. तेच.

‘आठ कुठे गेला?’ नाना म्हणाले. मी विचारायच्या आधी त्यांनीच मला विचारलं आणि उठून संध्येला गेले. पुढे कितीही छळलं तरी सांगितलं नाही. आईने मध्यस्थी केली, ‘अहो, सांगून टाका ना पोरीला, जेवत नाहीये.’ तरी नाही. चौथीतल्या मुलीला तो प्रश्न पेलणारा नव्हता. मग दुसरे प्रश्न आले, दहावी, कॉलेज, नोकरी, लग्न, आणि आठ हरवला तो हरवलाच.

तो सापडला बँकेत. बढत्यांची यादी लागली होती त्या दिवशी. आमचा एक कारकून अधिकारी झाला, त्याच्या वरचा अधिकारी बदली होऊन दुसऱ्या गावी गेला आणि त्याचं टेबल रिकामं पडलं. मी काउंटरवर बसून सुट्ट्या पैशांच्या चळती लावत होते आणि एकाएकी ते रकाने डोळ्यांपुढे आले.

दहा ओळी घेतल्या की मधल्या रकान्यात दहा एक येतात. दहा लिहिता येत नाहीत. शून्य लिहायचं आणि हातचा एक डावीकडे द्यायचा. डावीकडे चढाचा नऊ उभा. त्याला एक मिळाला की तोही दहा, म्हणजे त्याच्याही जागी शून्य आणि पुन्हा हातचा एक. त्याच्या डावीकडे आठ. त्याला एक मिळाला आणि तो झाला नऊ. इथे हातचा संपला. सात आणि त्याच्या खालचे सगळे जिथल्या तिथे राहिले. म्हणजे आठ कुठेही गेलेला नाही! सातच्या पुढे जो नऊ दिसतो तोच आपला आठ, बढती मिळालेला. गेला तो नऊ. त्याच्या टेबलावर शून्य आहे.

मी त्याच संध्याकाळी बसने वाड्यात गेले. नानांना सांगितलं. ते जवळजवळ वीस वर्षं थांबले होते, पण चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. ‘मग आता एक भागिले एक्क्याऐंशी कर,’ एवढंच म्हणाले.

ते मी परत जाताना बसमध्येच केलं, तिकिटाच्या मागे. ०.०१२३४५६७९०१२३४५६७९… आठ पुन्हा नाही, आणि हा आकड्यांचा घोळका असाच अखंड फिरत राहतो. आता मात्र कोणाला विचारावं लागलं नाही. एक भागिले नऊ म्हणजे ०.११११…, कधी न संपणारे एक. त्याचा वर्ग म्हणजे एक भागिले एक्क्याऐंशी. तोच गुणाकार, फक्त ओळींना अंत नाही. दहाचा हातचा नऊला, नऊचा आठला, आठची बढती. आणि या घोळक्यातून येणारी १२३४५६७९ ही आठविरहित संख्या नऊने गुणली की नीट नऊ एक मिळतात. म्हणजे माझी टेकडी ही १२३४५६७९ च्या वर्गाची एक्क्याऐंशी पट. डौलदार, एकही पायरी न चुकलेली टेकडी, आणि आत बघावं तर तिचा पाया आठ गहाळ असलेल्या संख्येचा. हे कळल्यावर मी माझा स्टॉप चुकवला.

नाना २००९ मध्ये गेले. वाडा त्याच्याही आधी पडला, तिथे आता पार्किंगसकट सहा मजले आहेत. पाठकोऱ्या वह्यांचा गठ्ठा माझ्याकडे आला. खजिनदारकीच्या त्या घोळानंतर मी तो माळ्यावरून काढला.

आमच्या संख्येचे अवयव त्यात एका पानावर होते. १२३४५६७९ म्हणजे ३७ गुणिले ३३३६६७. त्यामुळे पूर्ण संख्या म्हणजे तीनचा चौथा घात, सदतीसचा वर्ग आणि ३३३६६७ चा वर्ग. तीन आणि सदतीस मूळ आहेत हे शाळेतलं पोरही सांगेल. ३३३६६७ मूळ आहे का? नानांनी त्यासाठी पुढची चार पानं खर्ची घातली होती. ५७७ चा वर्ग या संख्येच्या आत बसतो, ५७८ चा बसत नाही. म्हणून ५७७ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून पाहायचं. त्या आहेत १०६. दोन, तीन आणि पाच नजरेनेच बाद. उरल्या १०३. तेवढे भागाकार, निळ्या शाईत. ७, बाकी ५. ११, बाकी ४. १३, बाकी ९. सदतीसला बाकी १. मध्ये पानावर चहाच्या कपाचं वर्तुळ. शेवटच्या पानावर ५४७ पाशी शाई जरा गडद झालेली. ५४७ गुणिले ६१० होतात ३३३६७०. अवघ्या तिनाने हुकलं. शेजारी बारीक अक्षरात लिहिलंय, ‘हुश्श’.

माझ्या भाचीने हे पान पाहिलं. ती संगणकाची इंजिनियर. ‘मावशी, हे डोळ्याचं पातं लवायच्या आत होतं,’ म्हणाली आणि करून दाखवलं. मग तिनेच मला, संगणक बाजूला ठेवून, एक पळवाट शिकवली. ३३३६६७ ने नऊ नव्वांना, म्हणजे ९९९९९९९९९ ला पूर्ण भाग जातो. त्यामुळे तिचा जो कोणी मूळ विभाजक असेल, त्याने एकाला भागलं तर आकड्यांची पुनरावृत्ती एक, तीन किंवा नऊ घरांचीच हवी. एक घराची पुनरावृत्ती फक्त तीनची, तीन घरांची फक्त सदतीसची. नऊ घरांची असेल तर त्या संख्येतून एक वजा केल्यावर अठराने भाग जायलाच हवा. ५७७ पर्यंत अशा मूळ संख्या फक्त सतरा. एकोणीस, सदतीस, त्र्याहत्तर, एकशे नऊ, एकशे सत्तावीस… बाकीच्यांकडे बघायचीही गरज नाही.

५४७ त्यात नाही. ५४६ ला अठराने भाग जात नाही. नानांची धडधड अगदीच फुकट होती, ते हुकणारच होतं.

आणि सतरा भागाकारांनंतर कळलं की ३३३६६७ मूळ आहेच, शिवाय नऊ घरांच्या पुनरावृत्तीची ती जगात एकटीच मूळ संख्या आहे. एक भागिले ३३३६६७ केलं तर ०.०००००२९९७ आणि पुन्हा तेच. तीन, सदतीस, ३३३६६७, आमच्या टेकडीचे तिन्ही अवयव असे एकांडे शिलेदार. ज्याची त्याची पुनरावृत्ती दुसऱ्या कोणाकडे नाही. हे नानांना माहीत नसावं. वहीत कुठे दिसलं नाही.

सोसायटीचा घोळ निस्तरला. खाते क्रमांकाच्या आधी एक अवतरणचिन्ह टाकलं की स्प्रेडशीट त्याला संख्या न समजता अक्षरं समजते आणि शेवटच्या आकड्यापर्यंत शाबूत ठेवते. मी आमची टेकडीही तशीच टाकून ठेवली आहे, खर्चाच्या पानाच्या तळाशी. भाची म्हणाली, बऱ्याच संगणकीय भाषांतही हाच ताप आहे. ९००७१९९२५४७४०९९२ च्या पुढे त्यांच्याकडे विषम संख्यांना जागाच नसते, म्हणून आमची संख्या तिथे एकाने कमी होऊन ३२० वर थांबते. म्हणजे नुसत्या खोल्या वाढल्या. शेवटचा पाहुणा अजून बाहेरच.

परवा दुपारी मी ते सतरा भागाकार हाताने केले. दोनदा चुकले, एकदा १९९ पाशी आणि एकदा ४३३ पाशी. शेवटी ५७७ ने भागलं, बाकी १६१. मग नानांचं पान उघडून शेवटची ओळ पाहिली. तिथेही १६१. त्याखाली दुहेरी रेघ आणि लिहिलं होतं: ‘मूळ आहे. चहा.’